वजनदार सायकलस्वारासाठी टिकाऊ चाक : भाग निवडण्यापासून आउट काढेपर्यंत

शंभर किलोच्या पुढे वजन असलेला माणूस नियमित सायकल चालवू लागला की पहिली तक्रार बहुधा मागच्या चाकाची असते. फ्रेम टिकते, फोर्क टिकतो, मागच्या चाकाची तार मात्र तुटते. ती बदलली की थोड्या दिवसांत शेजारची, मग तिसरी. दुरुस्तीवाला म्हणतो, "जाड तारा टाका." हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. चाकाचा टिकाऊपणा तारेच्या जाडीपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतो : तारांचा ताण पुरेसा आहे का, आणि तो सगळीकडे सारखा आहे का. हे दोन्ही साधलं तर मध्यम दर्जाच्या भागांचं चाकही वर्षानुवर्षं चालतं. नाही साधलं तर महागातलं चाकही पहिल्या मोसमातच तार सोडतं.

तार तुटते ती का

सायकलवर बसल्यावर एकूण वजनाचा साधारण ६० टक्के भाग मागच्या चाकावर येतो. स्वार १२० किलो, सायकल १५ आणि सामान १० किलो धरलं, तर १४५ पैकी सुमारे ८७ किलो मागे. सपाट रस्त्यावरचा हा आकडा खड्ड्यात काही पटींनी वाढतो.

हे वजन तारा पेलतात कशा, हे समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. बांधलेल्या चाकात प्रत्येक तार आधीपासूनच ताणलेली असते. वजन पडलं की टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे रिम किंचित आत दबते आणि तिथल्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. बाकीच्या तारांना फारसा फरक पडत नाही. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते आणि पुन्हा ताठ होते. ७०० सी चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो, त्यामुळे एका किलोमीटरमध्ये हे पावणेपाचशे वेळा घडतं. तार एखाद्या झटक्याने क्वचितच तुटते. ती थकून तुटते, आणि बहुतेक वेळा हबजवळच्या (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) कोपरावर, जिथे ती काटकोनात वळलेली असते.

मूळचा ताण कमी असेल तर खालची तार पूर्ण ढिली पडते. मग कोपर फ्लँजच्या, म्हणजे हबच्या कडेच्या चकतीच्या, भोकात हलू लागतो, आणि रिमकडचं निपल, म्हणजे तारेच्या टोकावरचं नट, पकड गेल्यामुळे आपोआप उलटं फिरत जातं. एक तार ढिली पडली की शेजारच्यांवर भार वाढतो आणि त्याही त्याच वाटेने जातात.

आता जाडीचा हिशेब. २.० मि.मी. जाडीची २९० मि.मी. लांब स्टीलची तार १०० किलोच्या ताणाला सुमारे ०.४६ मि.मी. लांबते. मधला भाग १.८ मि.मी.पर्यंत बारीक केलेली तार त्याच ताणाला जवळजवळ ०.५७ मि.मी. लांबते. रिम आत दबली तरी जास्त लांबलेल्या तारेत ताण उरतो आणि कमी लांबलेली आधी ढिली होते. म्हणून कोपर जाड आणि मधला भाग बारीक अशी तार वजनदार माणसासाठी सरळ जाड तारेपेक्षा बरी. ऐकायला विचित्र वाटतं, पण अनुभवी चाक बांधणारे याच कारणाने अशा, म्हणजे बटेड, तारा वापरतात.

काय घ्यायचं

भोकांची संख्या. पैसे कुठे खर्च करायचे याचं पहिलं उत्तर इथे आहे. ९० ते १०० किलोपर्यंत पुढे-मागे ३२ तारा चालतात. त्यापुढे मागे ३६ घ्या, पुढे ३२ पुरतात. १३० किलोच्या पुढे किंवा बरोबर भरपूर सामान असेल तर दोन्हीकडे ३६. त्याहून जास्त भार असेल तर टँडेमसाठी, म्हणजे दोघांच्या सायकलसाठी, बनलेले ४० किंवा ४८ भोकांचे हब मिळतात, पण तितक्या भोकांच्या रिम शोधाव्या लागतात. २० किंवा २४ तारांची दिसायला देखणी चाकं तुमच्यासाठी नाहीत. त्यांच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात वजनमर्यादा छापलेली असते, ती स्वार, सायकल आणि सामान मिळून आहे की फक्त स्वाराची, हे नीट वाचा.

रिम. दुहेरी भिंतीचीच घ्या. एकेरी भिंतीची रिम या वजनाला फार लवकर वाकते. ६२२ मापाची, म्हणजे ७०० सी रिम ५०० ग्रॅमपेक्षा हलकी नको, ५५० ते ६५० ग्रॅम असेल तर उत्तम. चांगली जड रिम भार जास्त तारांवर पसरवते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यातला ताणाचा चढ-उतार कमी होतो. आतली रुंदी १९ ते २५ मि.मी. ठेवली तर रुंद टायर नीट बसतो. निपलच्या भोकांना धातूच्या आयलेट, म्हणजे कड्या, असतील तर पहिल्यांदा बांधणाऱ्याला निपल फिरवणं सोपं जातं. फ्रेममध्ये ५५९ मापाचं, म्हणजे २६ इंची चाक बसत असेल तर त्याचा विचार जरूर करा. तारा आखूड असल्याने तेच भाग वापरूनही चाक अधिक मजबूत होतं.

मागच्या चाकासाठी भोकं मध्यापासून बाजूला पाडलेली, म्हणजे ऑफसेट रिम मिळाली तर सोडू नका. मागच्या हबवर उजवीकडे कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्या, असल्यामुळे उजवा फ्लँज मध्याच्या जवळ आणि डावा लांब असतो. डावा ३५ मि.मी. आणि उजवा २० मि.मी. असेल, तर डाव्या तारांचा ताण उजव्याच्या फक्त ५७ टक्के राहतो. उजवीकडे १२० किलो लावलं तरी डावीकडे ६८. भोकं ३ मि.मी. डावीकडे सरकवलेल्या रिमवर हेच प्रमाण ७२ टक्क्यांपर्यंत जातं आणि डावीकडे ८६ किलो मिळतात. डाव्या तारा ढिल्या पडण्याचा त्रास यामुळे खूपच कमी होतो.

हब. स्क्रूने बसणाऱ्या फ्रीव्हीलचा हब टाळा. त्यात उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, मध्याकडे असतं, बेअरिंगपासून फ्रेमपर्यंतचा ॲक्सलचा तुकडा आधाराशिवाय राहतो आणि वजनाखाली वाकतो किंवा तुटतो. शिमानोच्या कॅसेट हबमध्ये उजवं बेअरिंग टोकाजवळ असल्याने हा प्रश्न मिटतो. फ्रेम परवानगी देत असेल तर १३० ऐवजी १३५ मि.मी. रुंदीचा हब घ्या. हबमधून आरपार जाणारा १२ मि.मी.चा थ्रू ॲक्सल असेल तर आणखी चांगलं. डिस्क ब्रेकच्या चाकात ब्रेकचा पीळ हबमधून तारांवर येतो, म्हणून तिथे तारा एकमेकींना ओलांडूनच जायला हव्यात. सरळ किरणांसारख्या लावलेल्या तारा चालणार नाहीत.

तारा आणि निपल. २.०/१.८/२.० मि.मी.ची (कोपर/मधला भाग/आट्यांचं टोक) डबल बटेड स्टेनलेस तार हा बिनचूक पर्याय आहे. डीटी स्विसची कॉम्पिटिशन, सापिमची रेस या याच मापाच्या. मागच्या चाकाला, निदान उजव्या बाजूला, कोपर जाड असलेली तार घेता आली तर घ्या : डीटी अल्पाइन थ्री (२.३४/१.८/२.०) किंवा सापिम फोर्स (२.१८/१.८/२.०). ती तुमच्या हबच्या भोकातून जाते का, ते एक तार घालून आधी बघा. मध्ये १.५ मि.मी. असलेल्या हलक्या तारा पहिल्या चाकासाठी नकोत, बांधताना त्या सुतळीसारख्या पिळल्या जातात. निपल पितळीच. ॲल्युमिनियमचं निपल वजनात काही ग्रॅम वाचवतं आणि नंतर गंजून तारेला चिकटतं.

टायर. चाकाबद्दल बोलताना टायर विसरला जातो, पण रिमपर्यंत पोचणारा धक्का तोच ठरवतो. फ्रेममध्ये बसेल तितका रुंद घ्या, शक्यतो ३८ ते ५० मि.मी. २५ मि.मी.च्या टायरवर १२० किलोचा माणूस बसला की प्रत्येक खड्ड्याचा हिशेब रिमलाच द्यावा लागतो.

स्वतः बांधायचं की तयार घ्यायचं? यंत्राने बांधलेलं ३६ तारांचं साधं चाक घेऊन त्याचा ताण स्वतः वाढवणं, सारखा करणं आणि तारा दाबून बसवणं हाही उत्तम मार्ग आहे. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच स्वस्त चाकांत भाग ठीक असतात, ताण मात्र कमी आणि विषम असतो. हा मार्ग घेतलात तर पुढचे तीन भाग सोडून थेट ताणावर या.

मापं आणि तारेची लांबी

तारेची लांबी चुकली की सगळं चुकतं, म्हणून छापील आकड्यांवर विसंबू नका, स्वतः मोजा. आधी रिमचा आतला परिणामी व्यास, म्हणजे ईआरडी. दोन जुन्या तारा आटे असलेल्या टोकापासून बरोबर २०० मि.मी.वर कापा. त्यांना निपल लावा, तारेचं टोक निपलच्या डोक्यातल्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत. समोरासमोरच्या भोकांत (३६ भोकांच्या रिममध्ये पहिलं आणि एकोणिसावं) त्या घाला, मध्याकडे ताणून धरा आणि कापलेल्या टोकांमधलं अंतर मोजा. त्यात ४०० मिळवले की ईआरडी. तीन-चार जागी मोजून सरासरी घ्या.

हबवर तीन मापं लागतात. समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे फ्लँजच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. हबच्या मध्यापासून डाव्या फ्लँजपर्यंतचं अंतर. आणि उजव्यापर्यंतचं. शेवटची दोन काढायला ॲक्सलवरच्या टोकाच्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून फ्लँजच्या मध्यापर्यंत मोजा आणि हबच्या निम्म्या रुंदीतून वजा करा : १३५ मि.मी.च्या हबवर निम्मे ६७.५, उजवीकडे ४७.५ भरले तर अंतर २०.

सूत्र असं : रिमची त्रिज्या वर्ग, अधिक फ्लँजच्या वर्तुळाची त्रिज्या वर्ग, अधिक मध्यापासूनचं अंतर वर्ग, वजा दोन गुणिले दोन्ही त्रिज्या गुणिले कोनाची कोज्या. याचं वर्गमूळ काढा आणि फ्लँजच्या भोकाची निम्मी रुंदी (साधारण १.३ मि.मी.) वजा करा. कोन म्हणजे ७२० गुणिले ओलांडण्यांची संख्या (एक तार त्याच बाजूच्या किती तारा ओलांडते), भागिले एकूण तारा. ३६ तारा आणि ३ ओलांडण्या असतील तर ६० अंश.

ईआरडी ५९८, फ्लँजचं वर्तुळ ४५, डावं अंतर ३५, उजवं २०. या आकड्यांनी डावी तार २८९.२ आणि उजवी २८७.८ मि.मी. येते. म्हणजे डावीकडे २८९, उजवीकडे २८८. नेमकी लांबी मिळाली नाही तर १ मि.मी. आखूड चालेल, पण १ मि.मी.हून जास्त लांब नको. लांब तारेचे आटे संपतात आणि ताण भरायच्या आधीच निपल अडकतं. फार आखूड तारेचे आटे निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाहीत आणि डोकं तुटून पडतं.

३६ तारांना ३ ओलांडण्या सगळ्यात सोयीच्या. ३२ तारांनाही ३ च ठेवा. ३२ मध्ये ४ केल्या तर कोन ९० अंश होतो आणि तार शेजारच्या तारेच्या डोक्यावर चढते.

हत्यारं

निपल फिरवायची, त्याच्या मापाची स्पोक की. बऱ्याच चांगल्या निपलना ३.२३ मि.मी.ची लागते. एकच माप मोठी घेतली तर निपलच्या कडा झिजून गोल होतात. सपाट स्क्रूड्रायव्हर, तेल, आटे धरणारं सौम्य थ्रेडलॉकर, जाड हातमोजे. आउट, म्हणजे रिमचं डुलणं, काढायचा स्टँड असला तर चांगलं, नसला तर सायकल उलटी करून फ्रेमवर दोन केबल टाय बांधा आणि त्यांची टोकं रिमजवळ आणा. ताण मोजायचं मीटर मात्र वजनदार स्वाराच्या चाकासाठी चैन समजू नका. पार्क टूलच्या टीएम-१ सारखं साधं मीटर पुरतं.

तारा भरणं

आटे आणि रिममधली निपलची भोकं तेलाने हलकी ओली करा. पुढचं वर्णन ३६ तारांच्या, तीन ओलांडण्यांच्या मागच्या चाकाचं आहे. सगळ्या तारा नऊच्या चार गटांत जातात. रिमवरची भोकं एकाआड एक डावीकडे-उजवीकडे किंचित सरकवलेली असतात. उजव्या फ्लँजच्या तारा उजव्या भोकांत, डाव्याच्या डाव्या. ऑफसेट रिमवर सगळीच भोकं एका बाजूला असतात, तिथे भोक कोणत्या बाजूला कललं आहे ते बघा.

पहिला गट. चाकाची उजवी, म्हणजे कॅसेटची बाजू स्वतःकडे आणि व्हॉल्व्हचं भोक वर ठेवा. उजव्या फ्लँजमध्ये एकाआड एक भोकात बाहेरून आत तारा घाला, म्हणजे डोकं बाहेर दिसेल. व्हॉल्व्हच्या उजवीकडचं पहिलं भोक उजव्या बाजूचं असेल तर पहिली तार तिथे, नाहीतर दुसऱ्या भोकात. ही मुख्य तार, तिला चिकटपट्टीची खूण करा. तिथून प्रत्येक चौथ्या भोकात पुढची तार. निपल फक्त दोन-तीन फेरेच लावा.

दुसरा गट. चाक उलटं करा, डावी बाजू स्वतःकडे, व्हॉल्व्ह पुन्हा वर. आता मुख्य तार व्हॉल्व्हच्या डावीकडे दिसेल. दोन्ही फ्लँजची भोकं समोरासमोर नसतात, अर्ध्या घराने सरकलेली असतात. एक तार ॲक्सलला समांतर आडवी धरून बघितलं की हे लगेच कळतं. मुख्य तार व्हॉल्व्हला लागूनच असेल तर डाव्या फ्लँजमधलं, तिच्या हबवरच्या भोकाच्या किंचित डावीकडचं भोक निवडा आणि तार मुख्य तारेच्या डावीकडच्या लगतच्या भोकात लावा. मुख्य तार आणि व्हॉल्व्ह यांच्यात एक भोक मोकळं असेल तर हबवर किंचित उजवीकडचं भोक आणि रिमवर ते मधलं मोकळं भोक. डोकं इथेही बाहेर. उरलेल्या आठ तारा याच क्रमाने.

तिसरा गट. रिम धरून हब, उजव्या बाजूने बघत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. अठरा तारा तिरप्या होतील. आता उजव्या फ्लँजच्या उरलेल्या भोकांत आतून बाहेर तारा घाला, डोकी आत राहतील. प्रत्येक तार उलट दिशेला वळवा. तिने त्याच बाजूच्या पहिल्या दोन तारा बाहेरून ओलांडायच्या आणि तिसरीच्या आतून जायचं. तिसऱ्या ओलांडणीला तार थोडी वाकवावी लागते, घाबरू नका. मग ती उजव्या बाजूच्या मोकळ्या भोकात लावा.

चौथा गट डावीकडे, अगदी तसाच.

ताण द्यायच्या आधी व्हॉल्व्हकडे बघा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा हबकडे जाताना एकमेकींपासून दूर जायला हव्यात, म्हणजे पंपाचं तोंड आत जाईल. जवळ येत असतील तर पहिल्या गटाची जागा चुकली आहे. सगळं सोडवून पुन्हा बांधणं कंटाळवाणं वाटेल, पण आत्ता ते अर्ध्या तासाचं काम आहे.

ताण देणं

सगळी निपलं स्क्रूड्रायव्हरने तारेचे आटे जेमतेम दिसेनासे होईपर्यंत फिरवा. सुरुवात सारखी झाली की पुढचं निम्मं काम होतं. मग व्हॉल्व्हपासून सुरू करून प्रत्येक निपल एकेक फेरा, पुन्हा व्हॉल्व्हपर्यंत. तारा अजून लोंबत असतील तर आणखी एक फेरा. २.० मि.मी.च्या तारेला इंचामागे ५६ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला ०.४५ मि.मी. वर सांगितलेलं तारेचं लांबणं आठवा, शेवटच्या टप्प्यात एक फेराही केवढा मोठा असतो ते लक्षात येईल.

याच टप्प्यावर, ताण कमी असताना, कोपर बसवून घ्या. डोकं आत असलेल्या तारा फ्लँजमधून बाहेर पडताना कमानीसारख्या उभ्या राहतात आणि कोपर भोकाच्या कडेला टेकत नाही. अंगठ्याने त्यांना फ्लँजवर दाबा. निपलजवळही तार किंचित वाकडी जात असेल तर बोटाने सरळ करा. तारा आटे असलेल्या टोकाला तुटतात त्या याच वाकड्या जागी.

आता अर्धा-अर्धा फेरा आणि मध्ये मध्ये आउट तपासणं. क्रम असा ठेवा : आधी उभा आउट, म्हणजे रिम वर-खाली उडते का. मग आडवा, म्हणजे डावी-उजवीकडे डुलते का. मग मध्य, म्हणजे रिम हबच्या बरोबर मध्यावर आहे का, आणि शेवटी ताण. रिम जिथे बाहेर फुगली असेल तिथे डाव्या-उजव्या दोन्ही तारा सारख्याच आवळा, जिथे आत गेली असेल तिथे ढिल्या करा. डावीकडे झुकली असेल तर तिथल्या उजव्या तारा पाव फेरा आवळा आणि डाव्या तितक्याच सोडा. मागच्या चाकात डाव्या तारेचा एक फेरा रिमला बाजूला जास्त हलवतो आणि उजव्या तारेचा फेरा आत-बाहेर जास्त. म्हणून उभा आउट उजवीकडून आणि आडवा डावीकडून काढणं सोपं जातं.

मध्य तपासायला चाक स्टँडमध्ये उलटं बसवा. रिम आणि स्टँडच्या (किंवा केबल टायच्या) टोकातलं अंतर दोन्ही वेळा सारखं हवं. फरक दिसेल त्याच्या निम्मीच चूक प्रत्यक्षात असते.

ताण वाढत जातो तसं निपलबरोबर तारही पिळली जाते. तारेवर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. निपल फिरवताना तो फिरला तर पीळ पडतोय. उपाय सोपा : हवं त्यापेक्षा थोडं पुढे न्या आणि तितकं मागे आणा, झेंडा पुन्हा सरळ होईपर्यंत. हे केलं नाही तर पहिल्यांदा सायकल चालवताना चाक टिंग टिंग वाजत पीळ सोडतं आणि काढलेला आउट परत येतो.

तारा दाबून बसवणं

बहुतेक नवशिके हा टप्पा वगळतात आणि वजनदार माणसाच्या तारा नेमक्या याच कारणाने तुटतात. तार वळवून कोपर बनवताना धातूत ताण अडकून राहतो. तो काढायचा तर तार क्षणभर तिच्या नेहमीच्या ताणापेक्षा जास्त खेचावी लागते. हातमोजे घाला, एकाच बाजूच्या दोन जवळजवळ समांतर तारा एका हातात, दुसऱ्या बाजूच्या दोन दुसऱ्या हातात धरा आणि जोरात आवळा. हळूच दाबून उपयोग नाही. असं चाकभर करा. मग मध्य आणि आउट पुन्हा बघा, थोडा बिघडलेला असेलच. नीट करून पुन्हा आवळा. दोन-तीन वेळा केल्यावर आवळूनही आउट बदलेनासा होतो, तेव्हा चाक बसलं.

आवळल्यावर रिम दोन जागी डावीकडे आणि दोन जागी उजवीकडे झोकांड्या खाऊ लागली, तर तिच्या क्षमतेपेक्षा ताण जास्त झाला आहे. सगळी निपलं अर्धा फेरा सोडा आणि पुन्हा सुरू करा.

शेवटचे आकडे

रिमच्या उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा पहिली. ती साधारण १०० ते १२० किलोच्या दरम्यान असते. मर्यादा परवानगी देत असेल तर मागे उजवीकडे ११० ते १२० किलो. डावीकडचा ताण चाक मध्यावर आणल्यावर जो येईल तो, त्याच्यामागे लागू नका. रिम ब्रेकच्या पुढच्या चाकाला दोन्हीकडे १०० च्या आसपास. एकाच बाजूच्या तारांमध्ये फरक सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत हवा. आडवा आउट ०.३ मि.मी., उभा ०.५ मि.मी. चालतो. आउट आणि ताण यांत निवडायची वेळ आली तर ताण सारखा ठेवा. अर्धा मिलिमीटर डुलणारं पण सारख्या ताणाचं चाक, एकदम सरळ पण चार तारा ढिल्या असलेल्या चाकापेक्षा जास्त टिकतं.

मीटर नसेल तर तारा छेडून ऐका. एका बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळपास सारखा आला पाहिजे. कानाने सारखेपणा कळतो, किलो कळत नाहीत.

शेवटी डाव्या निपलांवर थ्रेडलॉकरचा एकेक थेंब, कारण आपोआप सुटतात ती हीच. निपलच्या पलीकडे आलेली तारेची टोकं कानशीने घासा, मग रिम टेप लावा.

वापरात आल्यावर

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर ताण आणि आउट पुन्हा तपासा. टायरमध्ये हवा भरल्यावर तारांचा ताण थोडा उतरतो, तेव्हा मोजमाप नेहमी एकाच स्थितीत करा. त्यानंतर नीट बांधलेल्या चाकाला महिनोन्‌महिने हात लावायची गरज पडू नये. दर आठवड्याला आउट काढावा लागत असेल तर ताण कमी आहे. एकेक निपल फिरवत बसू नका, सगळा ताण एकसारखा वाढवा.

तार तुटली तर ती कुठे तुटली ते बघा. कोपरावर : ताण कमी, किंवा दाबून बसवणं राहिलेलं. निपलजवळच्या आट्यांत : तार तिथे वाकलेली. मोठ्या फ्लँजच्या हबवर आणि छोट्या रिमवर हे जास्त होतं, तिथे ओलांडण्या कमी करा. निपलचं डोकं निघालं : तार आखूड. रिमला निपलच्या भोकाभोवती बारीक भेगा दिसल्या : ताण जास्त किंवा रिम कमजोर, आणि अशी रिम लगेच बदलायची. एकाच बाजूच्या दोन-तीन तारा पाठोपाठ गेल्या तर त्या बाजूच्या बाकीच्याही तितक्याच थकलेल्या असतात. एकेक बदलण्यापेक्षा सगळ्या नव्या टाका.

जुना हब पुन्हा वापरताना फ्लँजवर जुन्या तारांचे चर दिसतील. नव्या तारा त्याच दिशेने, त्याच चरांत बसवा. उलट दिशेने बसवल्या तर त्याच भोकाला दुसऱ्या बाजूने चर पडतो आणि फ्लँजचा तुकडा उडू शकतो. रिम ब्रेकची रिम असेल तर ब्रेक घासून तिची भिंत आत खोलगट झाली आहे का ते पट्टी टेकवून बघत राहा. झाली असेल तर आउट कितीही छान असला तरी रिम बदला. मापं जुळणारी नवी रिम मिळाली आणि तारा तुटायला लागलेल्या नसतील, तर जुन्या रिमला नवी रिम चिकटपट्टीने बांधून तारा एकेक करून तिच्यात हलवता येतात. तीन ओलांडण्या पुन्हा मोजत बसावं लागत नाही.